पांढऱ्या खटक्यावरचा अंगठा

नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या महिन्यात दोन उपक्रम एकदमच दिले. पहिला विजेच्या परिपथाचा. सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब एवढ्यात चालेल असं काहीतरी प्रत्येकाने स्वतः करून आणायचं. दुसरा बोटांच्या ठशांचा. जाड कार्डावर आपल्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे, भिंगाखाली धरून बघायचे आणि प्रत्येकाखाली लिहायचं, चक्र आहे, शंख आहे की कमान. दोन्ही मंगळवारी द्यायचे होते. 'स्वतः' हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला आणि तेव्हा त्यांची नजर शेवटून दुसऱ्या बाकावर होती.

त्या बाकावर दोन जुळ्या बहिणी बसत. एकीला घरापासून शाळेपर्यंत सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. अंतर अवघं अकरा मिनिटांचं. चेहरा, उंची, आवाज, चालताना डावा खांदा जरासा खाली टाकण्याची लकब, सगळं एक. त्यांचे वडील छापखान्यात यंत्रावर होते. ते म्हणत, एकाच खिळ्यांवरून काढलेल्या दोन प्रती आहेत, दुसरीला फक्त शाई जास्त लागली. ते खोटं नव्हतं. थोरलीचं काम नीटनेटकं असे आणि धाकटीच्या वहीवर, बाहीवर, कोपरावर कसला ना कसला डाग. थोरली वर्गप्रमुख होती. धाकटी थोरलीची बहीण होती.

लहानपणापासून दोघींचा एक गुपचूप कारभार चालत आला होता. एकीला पाठांतर येत नसलं की दुसरीने उभं राहायचं, एकीने कप फोडला की दुसरीने बोलणी खायची. खरं सांगायचं तर फोडणारी बहुतेक वेळा धाकटी आणि बोलणी खाणारी थोरली. आईसुद्धा फसे, आणि आई तर इस्पितळात नर्स. माणसं ओळखण्यात तिचं आयुष्य गेलेलं.

मंगळवारी मधली सुट्टी झाली तरी धाकटीचे दोन्ही उपक्रम लोंबकळत होते. तिने शिक्क्याच्या पॅडवर घाईघाईने बोटं दाबली, कार्ड पुरं केलं आणि बाईंच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात सरकवलं. राहिला परिपथ. तिने प्रश्नोत्तरांचा फळा केला होता. प्रश्नाच्या खिळ्याला एक वायर आणि बरोबर उत्तराच्या खिळ्याला दुसरी टेकवली की बल्ब पेटायला हवा. तो पेटत नव्हता. थोरली हजेरीपट घेऊन कार्यालयात गेली होती, नाहीतर तिनेच दोन मिनिटांत दोष शोधला असता. धाकटीने फळा काखेत मारला आणि चांगले सेल मिळतील म्हणून प्रयोगशाळा गाठली.

प्रयोगशाळा उघडी होती, पण आत कुणी नव्हतं. तिथल्या मदतनिसांना टकलापायी मुलं बल्बकाका म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. ते डबा खायला गेले होते. सेलच्या कपाटाला कुलूप. प्रत्येक टेबलाच्या कडेला मात्र एक सॉकेट होतं आणि शेजारी पांढरा खटका. धाकटीला वाटलं, वीज ती वीज. सेलमध्ये थोडी, भिंतीत जास्त. क्षणभर लावून बघायला काय जातं? तिने फळ्याच्या दोन वायरींची सोललेली टोकं सॉकेटच्या भोकांत खुपसली आणि शाईने ओल्या अंगठ्याने खटका दाबला.

फाडकन आवाज झाला. डोळ्यांपुढे निळापांढरा लोळ उठला, बल्बच्या काचा उडाल्या आणि जळका वास सुटला. वरच्या पंख्याची पाती हळूहळू थांबत गेली. बाहेरच्या व्हरांड्यातले दिवेही गेले. धाकटीने फळा हिसडला तशा वायरी फळ्यातून उपटून आल्या आणि सॉकेटला लोंबत राहिल्या. त्या काढायला हवं होतं, निदान खटका बंद करायला हवा होता. पण तिची पाचावर धारण बसली होती. ती पळाली. ग्रंथालयाच्या दारावरून पळाली, नळापाशी गेली आणि अंगठा घासून घासून धूत बसली. कुणाला तरी सांगावं हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. दहा मिनिटं तेच मनात येत होतं, आणि दहाही मिनिटं ती नळापाशीच उभी होती.

तेवढ्यात शिपायाने जिन्याखालच्या मेन बोर्डावर खाली पडलेला खटका वर केला. दिवे आले, पंखे फिरले. आणि प्रयोगशाळेतून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

काका डबा खाऊन परतले होते. लोंबत्या वायरी बघून, वीज गेलेलीच आहे म्हणून, त्यांनी त्या हाताने ओढायला घेतल्या होत्या. त्याच क्षणी वीज आली. त्यांना चादरीवर घालून व्हरांड्यातून नेताना धाकटीने पाहिलं. एक हात चादरीबाहेर होता, आणि बोटांचा रंग हाताचा असतो तसा नव्हता.

संध्याकाळी आई कामावरून आली, पाय धुतले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पोरींच्या शाळेतला एक माणूस आमच्याच वॉर्डात आलाय, म्हणाली. उजवा हात भाजलाय, पडताना डोकं बेसिनच्या कडेवर आपटलंय, अजून शुद्ध नाही. वडिलांनी विचारलं, वाचेल का. आईने उत्तर न देता भाजी चिरायला घेतली. आई उत्तर देत नसे तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.  

बुधवारी मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेला मैदानात उभं करून सांगितलं, की संबंधित कर्मचाऱ्याने उघड्या वायरी तशाच सोडल्या, हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याबद्दलची नोटीस तयार होत आहे. ऐकताना धाकटीला एकदम हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. माणूस बेशुद्ध पडलाय, त्याच्या नोकरीवर गदा येतेय, आणि आपल्याला बरं वाटतंय?

हायसं वाटणं तासाभरच टिकलं. विज्ञानाचा तास सुरू झाला तेव्हा बाईंचा चेहरा ओढलेला होता. त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या टेबलाच्या खटक्यावर शाईच्या अंगठ्याचा ठसा आहे. काकांच्या हाताला शाई नव्हती. त्या दिवशी शाई होती ती याच वर्गाच्या बोटांना. खटक्यावर त्यांनी खडूचं रिकामं खोकं पालथं घालून कडेने चिकटपट्टी मारली होती. कार्डं बावन्न, सगळी कपाटात. शुक्रवारी दुपारी त्या स्वतः एकेक ठसा ताडून बघणार होत्या.

"त्याआधी कुणी येऊन सांगितलं तर मला भिंग हातात घ्यावं लागणार नाही," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

वर्गाला हा खेळच झाला. जो तो शेजाऱ्याचा अंगठा ओढून बघू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी नुसतं हसलं तरी धाकटीला वाटे आपल्यालाच हसले. घरी जाऊन तिने न्हाणीघरातल्या खरखरीत दगडावर अंगठा इतका घासला की साल निघालं. मग बाईंनीच वर्गात शिकवलेलं आठवलं, की वरची कातडी गेली तरी खालून तीच नक्षी पुन्हा येते. आणि आली नाही तरी काय? कार्ड तर कपाटात होतं.

घरात सरावाचा एक कागद पडला होता. त्यावर रविवारी दोघींनी शेजारी शेजारी बोटं उमटवली होती. तिला वाटत होतं दोघींचे ठसे सारखेच असणार, सगळं सारखं आहे तसे. तिने वडिलांचं भिंग घेतलं. थोरलीच्या उजव्या अंगठ्यावर गोल गोल फिरत गेलेलं चक्र होतं. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर एका बाजूला कलंडलेला शंख. तिने तीन वेळा बघितलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच दोघींत काही वेगळं निघालं होतं, आणि ते नेमकं आत्ता निघालं होतं.

"तूच ना?" मागून थोरली म्हणाली.

धाकटीने मान हलवली.  मग तिने सगळं सांगितलं, सॉकेट, लोळ, नळ, ती दहा मिनिटं. थोरलीने ऐकून घेतलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं. थोड्या वेळाने थोरलीने हिशोब मांडावा तशा शांतपणे सांगितलं, की कार्डांवर नावाच्या चिठ्ठ्या नुसत्या टाचणीने लावल्यात. हजेरीक्रमाने गठ्ठा लावायचं काम उद्या वर्गप्रमुखाकडे आहे. चिठ्ठ्या बदलल्या की झालं.

"मला काही करणार नाहीत," ती म्हणाली. "माझे मार्क बघतील, चार शब्द बोलतील. तुला मात्र काढून टाकतील."

नको म्हणायला हवं होतं. धाकटीने नको म्हटलं नाही. तिने थोरलीचा हात धरला आणि "ताई" म्हणाली. एरवी हा शब्द ती फक्त चिडवायला वापरत असे.

गुरुवारी थोरलीने गठ्ठा लावला. धाकटी बाकावरून बघत होती. दोन टाचण्या काढून लावायला कितीसा वेळ लागतो?  त्याच संध्याकाळी आईने सांगितलं की काका शुद्धीवर आलेत. बोलतात, पण पडल्याच्या आधीचं नीटसं आठवत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना जाणीव येईलसं डॉक्टरांना वाटत नाही. धाकटी उठून न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. काका वाचले म्हणून रडली की त्यांना आठवत नाही म्हणून, हे तिचं तिला ठरवता आलं नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. दोघींना मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. दोघींना का, हे खोलीत शिरल्यावर कळलं. ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं होतं की मंगळवारी वीज गेली तेव्हा जुळ्यांपैकी एक दारावरून पळत गेली, कोणती ते काही सांगता येणार नाही.

टेबलावर नोटिशीचा टाइप केलेला कागद होता, त्यावर सही व्हायची होती. शेजारी दोन कार्डं, भिंग आणि खटक्याचा मोठा करून काढलेला फोटो. विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ठसा जुळलाय, प्रश्नच उरलेला नाही. त्यांनी थोरलीकडे बोट केलं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

थोरलीने खाली मान घालून कबूल केलं. चूक झाली म्हणाली, घाबरले म्हणून सांगितलं नाही म्हणाली. धाकटीचे शब्द ती बोलत होती, अगदी तिच्याच आवाजात. धाकटीला वाटलं आपण कुठेतरी लांब उभ्या आहोत आणि आपल्याला बोलताना बघतोय.  आता एवढं सरलं की सुटलो, एवढंच ती मनात म्हणत होती.

बाईंनी मात्र दोन्ही कार्डं उचलून शेजारी शेजारी धरली. बराच वेळ बघत राहिल्या. एक कार्ड स्वच्छ होतं, ठसे एका ओळीत, खाली सुवाच्य अक्षर. दुसऱ्यावर तीन ठिकाणी शाई फरफटलेली आणि 'चक्र'मधला 'क्र' खोडून दोनदा लिहिलेला. डागांच्या कार्डावर थोरलीचं नाव होतं.

"दोन वर्षं तुमच्या वह्या तपासतेय मी," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी खणातून शिक्क्याचं पॅड काढलं, उघडलं, कोरा कागद ठेवला आणि थोरलीपुढे हात केला. "अंगठा दे बघू. उजवा."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हात मागे घेतला. धाकटीने आजवर तिला कधी घाबरलेलं बघितलंच नव्हतं. जे काही भ्यायचं ते नेहमी धाकटीने आणि निभावायचं ते थोरलीने. आता ती भिंतीशी सरकत होती, आणि ही भीती तिची नव्हती, धाकटीची होती. उसनी घेतलेली.

"बाई, माझा घ्या," धाकटी म्हणाली.

तिने पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला आणि उचलला. साल निघालेल्या जागी मधोमध पांढरा ओरखडा उमटला, पण भोवतीचा शंख स्पष्ट होता. भिंग कुणी उचललंच नाही.

त्यानंतर काय काय बोललं गेलं, त्यातलं धाकटीला निम्मंही आठवत नाही. मुख्याध्यापक बराच वेळ बोलले, शाळेतून नाव काढून टाकण्याबद्दल बोलले. बाईंनी मध्येच सांगितलं की सुट्टीत प्रयोगशाळा उघडी राहिली ही त्यांचीही चूक आहे, आणि तसं त्या लिहून देतील. शेवटी ठरलं ते असं. काकांची नोटीस रद्द. धाकटी पंधरा दिवस घरी. थोरलीचं वर्गप्रमुखपद गेलं, आणि पुढच्या सोमवारपासून दोघी वेगवेगळ्या तुकड्यांत.

बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "मी नेलं असतं की निभावून." आणि ती एकटीच पुढे चालायला लागली. आठवडाभर ती धाकटीशी कामापुरतंच बोलली. 

आईला घरी कळलं तेव्हा तिने हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती धाकटीला इस्पितळात घेऊन गेली. वाटेत तिने मनगट असं घट्ट धरलं होतं जसं ती नाडी बघताना धरत असावी. वॉर्डाच्या दाराशी येऊन म्हणाली, मी आत येणार नाही, तुझं तू सांग.

खाटा दोन रांगांत होत्या. चौथ्या खाटेपर्यंतची वीस-पंचवीस पावलं धाकटीला आजही मोजून सांगता येतील. काकांच्या डोक्याला पट्टी होती आणि उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. शेजारी त्यांची बायको बसली होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, तुम्हा दोघींपैकी कोण तू?

"जिने केलं ती," धाकटी म्हणाली.

काकांची बायको उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. धाकटीने सगळं सांगितलं, नळापाशीची दहा मिनिटंही. काका छताकडे बघत बोलले, तुटक तुटक. वायर खुपसलीस हा पोरकटपणा झाला, ते म्हणाले, असली पोरं मी तीस वर्षं बघतोय. मग ते थांबले. धाकटीला वाटलं संपलं, आता माफ केलं म्हणतील. पण ते म्हणाले:

"दहा मिनिटं होती गं तुझ्याकडे. काका, हात लावू नका. एवढंच सांगायचं होतं."

 ती उभी राहिली. काकांनी डोळे मिटले तरी उभी राहिली. आईने येऊन खांद्याला हात लावला तेव्हाच ती निघाली.

काका दीड महिन्याने कामावर आले. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. त्यांना कुलपात किल्ली फिरवता येईना, बरण्यांची झाकणं उघडता येईनात. मग बाईंनी नेमून दिलं, की वर्ष संपेपर्यंत शाळा भरण्याआधी अर्धा तास धाकटीने येऊन काकांच्या हाताखाली काम करायचं. धाकटीला हे शिक्षेसारखं वाटलं नाही, त्याहून कठीण वाटलं.  पहिले काही दिवस काका तिच्याशी काम सोडून काही बोलले नाहीत. किल्ली फिरव. बरणी उतरव. खडू आण. तीही 'हो'पलीकडे काही बोलत नसे.

एका सकाळी वायरमन येऊन सगळ्या टेबलांवर नवीन सॉकेटं बसवून गेला होता. तिसऱ्या टेबलावर त्याचा तपासायचा दिवा तसाच राहिला होता, प्लग आत आणि वायर खाली लोंबलेली. काकांनी तो काढून ठेवायला सांगितला. धाकटी टेबलापर्यंत गेली आणि तिथेच थिजली. हात पुढे होईना.  काका दाराशी उभे होते, त्यांनी घाई केली नाही.

"काका, मेन बंद आहे ना?" तिने विचारलं. कितीतरी दिवसांत त्यांना तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

"माझ्यावर विसंबू नकोस," काका म्हणाले. "जा, तूच बघून ये."

ती जिन्याखाली गेली. मेनचा खटका खाली होता. परत आली, टेबलाशी उभी राहिली, आणि हात पुढे करण्याआधी पुन्हा एकदा जाऊन बघून आली. मग शिपायाला शोधून त्यालाही सांगून आली, की प्रयोगशाळेत काम चालू आहे, मी सांगेपर्यंत वर करू नका.